आबाजींची दुनळी आणि ६५ मिलिमीटरचा हिशेब

आबाजींच्या खोलीत, बियाण्याच्या कोठीशेजारच्या लोखंडी कपाटात, बारा बोअरची एक दुनळी उभी असायची. बर्मिंगहॅमची, बिनघोड्याची (घोडे आत लपलेली), ३० इंची नळ्यांची. ते गेले तेव्हा आम्ही ती लगेच ठाण्यात जमा केली. वारसांची संमतीपत्रं, मृत्यूचा दाखला, माझा स्वतःचा परवाना हे सगळं होऊन ती माझ्या हाती आली, त्यानंतरही सहा महिने मी तिच्यात एकही काडतूस घातलं नाही. आता आर्णी-दिग्रसकडची पोरं विचारतात, "काकाजी, जुनी विलायती दुनळी घ्यायची आहे, कशी पाहायची?" त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

पहिले कागद. परवाना हाती नसताना बंदूक पाहायला गेलात तर मन बसतं आणि घाई होते. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाकडे करायचा, सुरक्षा प्रशिक्षणाचा दाखला लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. एखाद्या परवानाधारकाकडून थेट घेत असाल तर त्यानं जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला आधी लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. परवान्यावरचा नंबर नळ्यांवर, खालच्या अॅक्शनवर (नळ्या ज्याला जोडतात आणि ज्यात चापाची यंत्रणा असते त्या लोखंडी भागावर) आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडावर तोच आहे का, हे स्वतः वाचा. तिन्हींपैकी एक जुळला नाही तर हात जोडून परत या.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. पऱ्हाटीत रोही आणि रानडुकरं शिरली की काय होतं, ते मीही दर हंगामात भोगतो. तरी बंदुकीचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, वनखात्याची लेखी परवानगी नसेल तर जनावरावर नळी रोखायची नाही. मी माझी दुनळी रेंजवर, मातीच्या तबकड्यांवर चालवतो.

जुन्या विलायती बंदुका मिळतात त्या शहरातल्या परवानाधारक दुकानांत, नाहीतर जुन्या मालगुजारी घरांत, जिथे पुढच्या पिढीला ती नको असते. ऐंशीच्या दशकात सामान्य माणसासाठी आयात थांबली, त्यामुळे जो माल फिरतो तो तेव्हाच्या आधी आलेला. किंमत नावावर ठरते, पण तुम्ही नावावर जाऊ नका, नळीवर जा.

बंदूक हातात आली की आधी उघडून दोन्ही घरं, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागा, रिकामी आहेत हे डोळ्यांनी पाहा. मग पुढचं लाकूड काढा, नळ्या जोडून बंद करा आणि दस्ता काखेत धरून नळ्या हलवा. खडखड जाणवली तर सांधा झिजलेला. बंद बंदूक उजेडाकडे धरा, नळ्यांची मागची कड आणि अॅक्शनचा चेहरा यांच्यात उजेडाची फट दिसता कामा नये. वरचा खटका कुठं थांबतो तेही बघा: नव्या बंदुकीत तो मधल्या रेषेच्या जरा उजवीकडे असतो, झीज वाढते तसा डावीकडे सरकत जातो.

आता नळ्या वेगळ्या काढा आणि खालच्या हुकाला दोरी अडकवून टांगा. बोटाच्या पेरानं हलकेच ठोका. दोन नळ्या जोडणाऱ्या पट्ट्यांची झाळ नीट असेल तर देवळातल्या लहान घंटेसारखा आवाज लांबत जातो. आवाज मेलेला, फुटक्या मडक्यासारखा आला, तर पट्टी सुटली आहे आणि आत ओल शिरून गंज धरत असणार. मग नळीतून खिडकीकडे पाहा. उजेडाच्या गोल कड्या सरळ दिसल्या पाहिजेत. कडी एका जागी मोडलेली दिसली तर तिथे पोचा आहे. दस्त्याचं लाकूड अॅक्शनला जिथं भिडतं, तिथल्या काळ्या तेलकट डागात बारीक चीर लपलेली असते. तिथे नख फिरवून बघाच.

नळीवर नागमोडी नक्षी दिसली, म्हणजे दमास्कस, तर ती बंदूक मी तरी भिंतीसाठीच घेईन. त्यातल्या कित्येक काळ्या दारूच्या काळातल्या आहेत.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो नळ्यांच्या पोटाखालच्या छापांना, म्हणजे नळी दाबाला तपासल्याच्या खुणांना. भिंग घ्या, रॉकेलच्या बोळ्यानं मळ काढा. माझ्या नळीवर 'नायट्रो प्रूफ' आणि छर्ऱ्यांच्या कमाल वजनाचे आकडे आहेत, म्हणजे ती धूर नसलेल्या दारूवर तपासलेली आहे. १९५४ नंतरच्या बर्मिंगहॅमच्या छापांत मुकुटाखाली बी.एन.पी. असतं, शेजारी टनांत दाब कोरलेला: अडीच इंची घराला ३ टन, पावणेतीन इंचीला सव्वातीन. माझं घर अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचं.

इथंच माझी फसगत होता होता राहिली. एका दुकानदारानं ७० मिलिमीटरचा डबा पुढे केला, "बसतंय ना आत? मग चालते." बसतंच. न उडालेलं ७० चं काडतूस फुटपट्टीवर साठच्या आतबाहेर भरतं, कारण त्याचं तोंड दुमडलेलं असतं. डब्यावरची लांबी उडाल्यानंतरची, तोंड उघडल्यानंतरची असते. ते उघडतं घराच्या पुढच्या निमुळत्या भागात, छर्ऱ्यांची वाट अडते आणि दाब चढतो. नागपूरच्या म्हाताऱ्या बंदूक-मिस्त्रींनी मला उडालेल्या काडतुसाची रिकामी नळकांडी घरात सरकवून दाखवली. तिचं तोंड पार अरुंद जागेत जाऊन अडकलं होतं. "बसलं म्हणजे जमलं असं नाही, भाऊ. उडाल्यावर तोंड कुठं उघडते ते पाहा." तेव्हापासून मी ६५ चंच काडतूस शोधतो, मिळेपर्यंत थांबतो. घर लांब करून घेऊ नका, भिंत पातळ होते आणि जुना छाप निरुपयोगी ठरतो.

छर्ऱ्यांच्या वजनाला जुन्या विलायती बंदूककार ग्रीनरचा ९६ चा हिशेब लावा. बंदूक छर्ऱ्यांच्या ९६ पट तरी जड हवी. माझी २ किलो ९०० ग्रॅम, भागिले ९६, म्हणजे ३० ग्रॅम. पण छापावरचा आकडा त्याहून कमी असेल तर छापाचं ऐका. मी २८ च्या वर जात नाही, खांदाही दुखत नाही आणि म्हाताऱ्या लाकडालाही झटका बसत नाही.

पहिला बार मिस्त्रीच्या तपासणीनंतरच, आणि रेंजवर. चार फूट बाय चार फूट कागद लावा, ४० यार्डांवरून आधी एक नळी, मग दुसरी, प्रत्येकी तीन कागद. जिथे छर्रे दाट पडलेत तिथे ३० इंची वर्तुळ काढून आतली भोकं मोजा. काडतुसातले जवळपास सत्तर टक्के आत आले तर ती फुल चोक, म्हणजे तोंडाशी घट्ट आवळलेली नळी, चाळीसच्या आसपास आले तर मोकळी नळी. माझी उजवी मोकळी, डावी घट्ट, बहुतेक दुनळ्यांची अशीच असते. पुढचा चाप उजवी उडवतो, मागचा डावी. म्हणून जवळच्या तबकडीला पुढचा, लांब गेलेलीला मागचा.

चालवताना वजन पुढच्या पायावर ठेवा, दस्ता आधी गालाला आणि मग खांद्याला. डोळा नळीच्या टोकावरच्या मण्यावर नको, तबकडीवर. चाप ओढल्यावरही नळ्या फिरत्या राहू द्या, नवशिके तिथेच थांबतात आणि मार मागे पडतो. दुसऱ्या चापासाठी बोट ताणू नका, मूठच केसभर मागे सरकवा. चारपाच बारांत नळ्या तापतात, डाव्या हाताला चामड्याची पट्टी ठेवा. दोन बारांच्या मध्ये चालताना बंदूक मोडूनच, म्हणजे रिकामी आणि सांध्यातून उघडी.

घरी सराव करायचा तर खोटी काडतुसं घालून, रिकाम्या घरावर चाप ओढू नका. काडतुसावर आपटणाऱ्या जुन्या पिना तुटतात आणि तशा पुन्हा घडवून घ्याव्या लागतात.

निवडणुकीत बंदूक जमा करावी लागते. एकदा माझी कापडी खोळीसकट परत आली आणि डाव्या नळीच्या तोंडाशी तांबूस पुटकुळ्या होत्या. खोळ ओल धरते. आता जमा करताना नळ्यांना आतबाहेर तेल देतो, तेलकट कागदात गुंडाळतो, पावतीवर नंबर लिहून घेतो. पावसाळ्यात दर रविवारी कपाट उघडून नळीत कापसाचा बोळा फिरवतो. बोळा पांढरा निघाला की पुन्हा थेंबभर तेल, आणि बंदूक नळ्या खाली करून उभी, म्हणजे तेल लाकडात मुरत नाही.