व्हीआर शूटरमध्ये पात्र भलतीकडेच चालायचं, ते असं सुटलं

डोळ्यांवर हेडसेट लावून खेळायच्या या गोळीबाराच्या गेमपायी महिनाभर नुसता वैतागलो होतो. कंट्रोलरची डावी स्टिक (अंगठ्याने हलवायची छोटी दांडी) पुढे ढकलली की पात्र सरळ जायचं सोडून तिरकं जायचं, आणि आडोशामागे पळताना जरा बाजूला बघितलं की थेट गोळीबारातच. वाटलं कंट्रोलर गेला, दुसऱ्या गेममध्ये लावून बघितला तर एकदम नीट.

मग सेटिंग्ज एकेक करून उघडली तेव्हा कळलं की चालायची दिशा डोक्यावर सेट होती, म्हणजे मान जिकडे वळेल तेच पुढे. ती डाव्या हातावर केली आणि जीवात जीव आला, आता पळता पळता मागे बघता येतं, हात रोखलाय तिकडेच पाय जातात.

वळताना मळमळायचं ते वेगळंच. डोळ्यांना हालचाल दिसते पण कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला काहीच जाणवत नाही, त्याने होतं ते. स्मूथ टर्न (सलग, हळूहळू वळणं) बंद करून स्नॅप टर्न (एका झटक्यात ठरावीक कोनात वळणं) ४५ अंशांवर ठेवलं. डेडझोनही (स्टिक जेवढी हलली तरी गेम दुर्लक्ष करतो ती मर्यादा) थोडा वाढवला, कारण अंगठा नुसता टेकला तरी पात्र सरकायचं. हे सगळं गेमने सुरुवातीलाच विचारायला हवं, मेनूत इतकं आत कशाला दडवायचं? काल पहिल्यांदा सलग पाऊण तास खेळलो.