अंगावर पित्त उठले आणि श्वासही लागला, तर

अंगावर गांधी उठल्या की आपल्याकडे घरातले कोणीतरी आमसूल भिजत घालते, ते पाणी अंगाला चोळले जाते, डब्यातली सेट्रिझिनची गोळी दिली जाते आणि बहुधा तासा-दोन तासांत आराम पडतो. त्रास त्वचेपुरताच असेल तर यात फारसे बिघडत नाही. मात्र त्याच वेळी आवाज घोगरा झाला, जीभ सुजली, घसा आवळल्यासारखा वाटला, छातीत सूं-सूं आवाज येऊन धाप लागली, भोवळ आली किंवा उलट्या थांबेनाशा झाल्या, तर ते साधे पित्त राहिलेले नसते. वैद्यकात याला अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतू शकणारा अ‍ॅलर्जीचा तीव्र झटका, म्हणतात. काही रुग्णांच्या अंगावर एकही गांध न उठता थेट रक्तदाब कोसळतो, म्हणून त्वचा स्वच्छ आहे एवढ्यावर निश्चिंत होऊ नये.

अशा वेळी घरातले सगळे ‘काय खाल्ले होतेस?’ असे विचारू लागतात आणि त्यात मोलाची मिनिटे जातात. कारण कळो वा न कळो, उपचार एकच आहे: अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन, मांडीच्या मध्यावर बाहेरच्या अंगाला, स्नायूत. प्रौढांसाठी त्याची नेहमीची मात्रा ०.५ मिलिग्रॅम असते; मुलांना ती वजनानुसार कमी दिली जाते, आणि गरज पडल्यास ५ मिनिटांनी ती पुन्हा देता येते. सेट्रिझिनने खाज कमी होते, पण घशाची सूज आणि कोसळता रक्तदाब तिच्या आवाक्यात नाही. स्टेरॉइडचा परिणाम दिसायलाही काही तास लागतात. म्हणून दवाखान्यात पोहोचताच ‘अंगावर पित्त आले आहे’ असे न सांगता ‘श्वास लागतो आहे, अ‍ॅनाफिलॅक्सिस असावा’ असेच सांगावे.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत रुग्णाला आडवे झोपवून पाय उंचावर ठेवावेत. धाप जास्त असेल तर पाय पसरून बसू द्यावे. उलटी होत असेल, शुद्ध हरपली असेल किंवा रुग्ण गर्भवती असेल, तर डाव्या कुशीवर वळवावे. जरा बरे वाटताच त्याला उठवून जिन्याने चालवत नेणे ही फार घातक चूक आहे, कारण एकदम उभे राहिल्याने हृदयाकडे परतणारे रक्त कमी होऊन प्राणही जाऊ शकतो. आराम पडल्यावरही काही तास रुग्णालयात थांबावे. लक्षणे पुन्हा उसळू शकतात.

कारणाचा शोध त्यानंतर घ्यायचा. रक्तातील ट्रिप्टेजची (अ‍ॅलर्जीच्या झटक्यात रक्तात वाढणाऱ्या एका प्रथिनाची) तपासणी शक्यतो पहिल्या २ तासांत, फार तर ४ तासांत करावी, आणि २४ तास उलटल्यावर तुलनेसाठी ती पुन्हा करावी लागते. हे डॉक्टरांना नातेवाइकांनीच विचारलेले बरे. घरी आल्यावर आधीच्या सहा-सात तासांची तपशीलवार नोंद लिहून काढावी. केवळ पदार्थांची यादी पुरत नाही, कारण झटक्याचे मूळ अनेकदा दोन गोष्टींच्या जोडीत लपलेले असते. एरवी सहज पचणारी पोळी खाऊन लगेच धावायला गेल्यावर, किंवा तिच्या जोडीला आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेतल्यावर काहींना हा झटका येतो. मटण खाल्ल्यावर तीन ते सहा तासांनी, मध्यरात्री, त्रास होणारेही असतात. दमट हवेत बरेच दिवस राहिलेल्या पिठात माइट (डोळ्यांना सहज न दिसणारे सूक्ष्म किडे) वाढतात आणि ते पीठ शिजवल्यावरही बाधू शकते. मुंगी किंवा गांधीलमाशीचा डंख, नवे औषध, मासिक पाळी, ताप, मद्य, अपुरी झोप हे सारे नोंदीत यावे. रक्तदाबाच्या गोळ्यांची नावेही लिहावीत. त्यांतल्या बीटा-ब्लॉकर गटातली गोळी चालू असल्यास अ‍ॅड्रेनॅलिनचा परिणाम कमी होऊ शकतो.

त्वचेवरच्या चाचण्या झटक्यानंतर साधारण ४ ते ६ आठवड्यांनी अ‍ॅलर्जीतज्ज्ञाकडून कराव्यात. सगळे तपासूनही काहींच्या बाबतीत कारण सापडत नाही. अशा रुग्णाने अंदाजाने एकेक अन्न सोडत जाऊन स्वतःची उपासमार करू नये. त्यापेक्षा अ‍ॅड्रेनॅलिन सदैव जवळ बाळगावे. भारतात स्वयंचलित इंजेक्शन सहज मिळत नाही, म्हणून अँप्यूल (औषधाची काचेची कुपी) आणि सिरिंज कशी वापरायची हे डॉक्टरांकडून रुग्णाने आणि घरातल्या आणखी दोघांनी प्रत्यक्ष शिकून घ्यावे. अँप्यूल उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नये, आणि औषध तपकिरी दिसू लागले किंवा मुदत संपली की ते लगेच बदलावे.