राष्ट्रपतींच्या अधिकारांवर उत्तर लिहिताना या चुका टाळा

ठाण्यात नौपाड्यातल्या एका अभ्यासिकेत मी राज्यसेवेच्या मुलांना राज्यघटना शिकवतो. बॅच कुठलीही असो, राष्ट्रपतींवरच्या उत्तरात चुका त्याच.

सगळ्यात घातक म्हणजे 'राष्ट्रपती हा रबरी शिक्का' हे वाक्य. गेल्या वर्षी कळव्याचा एक मुलगा होता. हुशार, कष्टाळू, अभ्यासिका उघडायच्या आधी दारात हजर. सराव मुलाखतीत त्याने हेच ठासून सांगितलं. मी विचारलं, "मग 1986 चं टपाल विधेयक संसदेने मंजूर करूनही कायदा का झालं नाही?" पोरगा गप्प. त्या विधेयकामुळे सरकारला लोकांची पत्रं अडवायची, उघडायची मोकळीक मिळाली असती. तेव्हाचे राष्ट्रपती झैलसिंग यांनी ते नाकारलं नाही, परतही पाठवलं नाही, नुसतं ठेवून दिलं. कलम 111 मध्ये सहीला मुदतच घातलेली नाही. मुलाने मोबाइलवर फिरणारी एकपानी नोट पाठ केली होती, मूळ कलम उघडलंच नव्हतं. या एकपानी नोटांनी जेवढं नुकसान केलंय तेवढं अवघड प्रश्नपत्रिकांनीही केलेलं नाही, असं माझं ठाम मत आहे.

आता दुसरं टोक. टपाल विधेयक कळलं की मुलं राष्ट्रपतींना सर्वाधिकारी करून टाकतात. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला स्पष्टपणे बंधनकारक केला. 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने तो एकदा फेरविचारासाठी परत पाठवायची मुभा दिली. 1997 मध्ये राष्ट्रपती नारायणन यांनी उत्तर प्रदेशातल्या राष्ट्रपती राजवटीची शिफारस परत पाठवली आणि सरकारने ती सोडून दिली. 2006 मध्ये राष्ट्रपती कलाम यांनी लाभाच्या पदाचं (खासदारांना काही सरकारी पदं घ्यायची सूट देणारं) विधेयक परत पाठवलं, संसदेने ते पुन्हा मंजूर केलं आणि त्यांना सही करावी लागली. ही दोन उदाहरणं शेजारी शेजारी लिहा, परीक्षकाला अधिकार आणि मर्यादा दोन्ही दिसतील. धन विधेयक (कर, सरकारी खर्च अशा पैशाच्या बाबींचं) मात्र परत पाठवता येत नाही. घटनादुरुस्ती विधेयकाला तर 1971 पासून अनुमती द्यावीच लागते.

राष्ट्रपतींची निवडणूक आणि महाभियोग, म्हणजे त्यांना पदावरून काढायची प्रक्रिया, यांची गल्लत तर दर चाचणीत. निवडणुकीत मत असतं ते संसदेच्या आणि विधानसभांच्या फक्त निवडून आलेल्या सदस्यांना. आपल्या विधान परिषदेच्या आमदारांना मत नाही, हे महाराष्ट्रातल्या मुलांनीच चुकावं याचं मला वाईट वाटतं. महाभियोगात उलट: आमदार बाहेर, पण संसदेचे नामनिर्देशित सदस्य आत. मी मुलांना वहीच्या एका पानावर मधोमध रेघ मारून दोन्ही याद्या हाताने लिहायला लावतो. महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचं मूल्य 175 का, तेही फळ्यावर करून घेतो: राज्याची 1971 ची लोकसंख्या भागिले विधानसभेचे 288 आमदार, त्याला पुन्हा 1000 ने भाग. घाईची मुलं 175 पाठ करतात आणि दुसऱ्या राज्याचा आकडा विचारला की अडतात.

राष्ट्रपती संसदेचा घटक असतो, सदस्य नसतो. कलम 79 वाचा.

वटहुकूम, म्हणजे संसद भरलेली नसताना राष्ट्रपती काढतात तो तात्पुरता कायदा, सहा महिने टिकतो असं लिहू नका. संसद पुन्हा भरल्यापासून सहा आठवडे, तेवढ्यात मंजुरी मिळाली नाही तर तो संपतो. सहा महिने हे दोन अधिवेशनांमधलं कमाल अंतर आहे, गोंधळ तिथून येतो.