छोटा गेम की मोठा? विकत घेण्यापूर्वी आपल्या बैठका मोजाव्यात

दोन तासांत संपणारा व्हिडिओ गेम अधिक समाधान देतो की शंभर तास चालणारा, या प्रश्नावर माझा आणि माझ्या पुतण्याचा वाद गेली काही वर्षे चालू आहे. तो नाशिकमध्ये गंगापूर रोडवर महाविद्यालयात शिकतो आणि मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करतो. त्याच्याकडे सबंध दुपारी मोकळ्या असतात, तर माझ्याकडे रात्रीच्या जेवणानंतरचा पाऊण तास. वाद घालता घालता माझ्या लक्षात आले की आम्ही एकाच गेमविषयी बोलत असलो तरी आमचा अनुभव एक नसतो, कारण पन्नास तासांचा गेम तो तीन आठवड्यांत संपवतो आणि मला त्यासाठी चार महिने लागतात. म्हणून गेम छोटा की मोठा हे ठरवण्याआधी तो आपल्या दिनक्रमात किती जागा अडवणार आहे, याचा हिशोब करावा. तो कसा करायचा आणि त्यावरून निवड कशी करायची, हे पुढे सांगतो.

हिशोब

मागील दोन आठवड्यांत आपण किती वेळा खेळायला बसलो (अशा एका वेळेला मी बैठक म्हणतो) आणि प्रत्येक वेळी किती मिनिटे खेळलो, हे कागदावर लिहून काढावे. पुढच्या आठवड्यात किती वेळ मिळेल असे वाटते, ते लिहू नये. प्रत्यक्षात जे घडले तेच लिहावे, कारण गेम विकत घेताना आपण नेहमी स्वतःला मोकळा समजतो. माझा हिशोब आठवड्याला चार बैठका आणि प्रत्येक बैठक ४५ मिनिटांची, म्हणजे एकूण तीन तास, असा निघाला.

त्यानंतर हाउ लाँग टू बीट या संकेतस्थळावर गेमचे नाव शोधावे. तेथे खेळाडूंनी स्वतः नोंदवलेल्या वेळांवरून काढलेले आकडे मिळतात: केवळ मुख्य कथेला लागणारा वेळ, मुख्य कथा आणि काही जोडकामे, म्हणजे कथेबाहेरची ऐच्छिक कामे, यांना लागणारा वेळ, आणि सर्व काही पूर्ण करण्यास लागणारा वेळ. आपण सर्वप्रथम मुख्य कथेचाच आकडा घ्यावा. २०१५ सालच्या द विचर ३ या गेमची मुख्य कथा सुमारे पन्नास तासांची आहे. माझ्या मापाने त्या सदुसष्ट बैठका होतात, म्हणजे साधारण सतरा आठवडे. २००७ सालचा पोर्टल सुमारे तीन तासांचा आहे, म्हणजे चार बैठका आणि एक आठवडा.

या हिशोबात आणखी एक गोष्ट धरावी लागते. मोठ्या गेमच्या प्रत्येक बैठकीची पहिली काही मिनिटे मागचे आठवण्यात जातात, आणि मध्ये आठवडाभर खंड पडला तर ती पाच मिनिटांची पंधरा होतात. तीन वर्षांपूर्वी मी एका मोठ्या गेममध्ये चाळीस तास घातले होते. मग रात्रपाळीचे दोन आठवडे आले, त्यात एकदाही कंट्रोलर हातात घेता आला नाही, आणि परत बसलो तेव्हा वार चुकवण्याचे बटण कोणते आणि आपण या गावात कशासाठी आलो आहोत, हे दोन्ही मला आठवेना. तीन रात्री त्याच जागी हरलो आणि तो गेम तसाच सोडून दिला. त्या चाळीस तासांबद्दल आज माझ्या मनात राहिली आहे ती केवळ रुखरुख, आणि म्हणून ज्यांच्या आठवड्याचा भरवसा नाही अशा वाचकांना मी आग्रहाने सांगतो की वीस बैठकांच्या पुढे जाणारा गेम त्यांनी विचारपूर्वकच सुरू करावा.

छोट्या गेमला मोठी बैठक लागते

ज्यांच्याकडे वेळ कमी आहे त्यांनी छोटे गेम खेळावेत, असा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु तो अर्धाच बरोबर आहे. २०१२ सालचा जर्नी हा गेम सुमारे दोन तासांचा आहे. त्यात वाळवंटातून एका दूरच्या पर्वतशिखराकडे चालत जायचे असते, कोणीही एक शब्द बोलत नाही, आणि वाटेत इंटरनेटवरून एखादा अनोळखी खेळाडू सोबतीला येतो, ज्याचे नाव गेम पूर्ण होईपर्यंत कळत नाही. हा गेम मी पहिल्यांदा तीन रात्रींत तुकड्यातुकड्यांनी खेळलो आणि मला तो सुंदर परंतु किरकोळ वाटला. पुढे दिवाळीच्या सुट्टीत, घरातील सर्वजण पंचवटीत नातेवाइकांकडे गेलेले असताना, एका बैठकीत सलग खेळलो आणि शेवटच्या बर्फाच्या चढावर माझे डोळे भरून आले. छोटा गेम एखाद्या नाटकासारखा रचलेला असतो. त्याचे दोन अंक वेगवेगळ्या दिवशी पाहिले तर तो हाती लागत नाही. त्यामुळे दोन-अडीच तासांचा गेम घेताना केवळ किंमत पाहू नये, तर तो कोणत्या दिवशी सलग खेळणार ते आधी ठरवावे.

याच्या उलट, काही मोठे गेम लहान बैठकांसाठी उत्तम असतात. २०१६ सालचा स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम एरिक बॅरोन या एकट्या माणसाने बनवला. त्यातील एक दिवस सुमारे चौदा मिनिटांचा असतो आणि पात्र झोपी गेले की गेम आपोआप सेव्ह होतो. पाऊण तासात तीन दिवस सहज होतात आणि प्रत्येक दिवसाला स्वतःचा शेवट असल्यामुळे अर्धवट उठल्याची भावना राहत नाही. २०१९ सालच्या आउटर वाइल्ड्स या अंतराळ-शोधाच्या गेममध्ये दर बावीस मिनिटांनी काळ पुन्हा आरंभाला येतो, आणि आपल्याला जे कळले ते यानातील नोंदवहीत टिकून राहते. दोन फेऱ्या म्हणजे माझी एक बैठक. मोठा गेम निवडताना त्याची एकूण लांबी पाहण्याइतकेच महत्त्वाचे आहे ते त्याचा सर्वांत लहान पूर्ण तुकडा किती मिनिटांचा आहे हे पाहणे, आणि तो तुकडा आपल्या बैठकीपेक्षा मोठा असेल तर तो गेम कितीही नावाजलेला असला तरी सुट्ट्यांसाठी राखून ठेवावा.

प्रवासाचा विचारही याच मापाने करता येतो. पंचवटी एक्सप्रेसने नाशिक रोडहून मुंबईला जाताना साडेतीन तासांच्या आसपास वेळ हाती असतो, परंतु कसारा घाटातील बोगद्यांत मोबाइलचे नेटवर्क तुटते, म्हणून इंटरनेटशिवाय चालणारा गेम आदल्या रात्रीच डाउनलोड करून ठेवावा. २०१८ सालचा फ्लॉरेन्स, एका तरुणीच्या पहिल्या प्रेमाची गोष्ट सांगणारा अर्ध्या-पाऊण तासाचा गेम, मी नाशिक रोडला सुरू केला आणि इगतपुरी येण्यापूर्वी तो संपला. पुढचा सगळा घाट मी खिडकीबाहेर पाहत त्याचाच विचार करत होतो. मॉन्युमेंट व्हॅली हा २०१४ सालचा गेमही अशा एका बाजूच्या प्रवासात पूर्ण होतो.

किंमत आणि शेवट

पुतण्या मला नेहमी विचारतो, “काका, दोन तासांच्या गेमला तीनशे रुपये कशाला द्यायचे? त्याच पैशांत सेलमध्ये साठ तासांचा गेम मिळतो.” त्याच्या खिशाचा विचार करता त्याचे म्हणणे चुकीचे नाही. परंतु कालिदास कलामंदिरात नाटक पाहून बाहेर पडताना तासाला किती रुपये पडले, असा हिशोब आपण करत नाही, आणि नाटक उगाच लांबवलेले असेल तर त्याबद्दल तक्रारच करतो. मॉन्युमेंट व्हॅलीला २०१४ मध्येच आठ नवे भाग जोडले गेले, तेव्हा त्यासाठी वेगळे पैसे मागितले म्हणून अनेकांनी त्या गेमला पाचपैकी एकच तारा दिला होता. इतक्या देखण्या कामाला मिळालेली ती वागणूक मला आजही अन्यायाची वाटते.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९३ सालचा एक प्रयोग या संदर्भात उपयोगी आहे. त्यात सहभागी व्यक्तींनी एकदा १४ अंश सेल्सिअसच्या थंड पाण्यात ६० सेकंद हात बुडवून ठेवला. दुसऱ्या खेपेला तेवढेच ६० सेकंद आणि त्यापुढे आणखी ३० सेकंद, ज्यात पाण्याचे तापमान हळूहळू एका अंशाने वाढवले होते. यांपैकी कोणती खेप पुन्हा कराल असे विचारल्यावर बहुतेकांनी दुसरी, म्हणजे अधिक लांबलेली, खेप निवडली, कारण तिचा शेवट थोडा सुसह्य होता. तो प्रयोग वेदनेचा होता, करमणुकीचा नव्हता, हे ध्यानात ठेवूनही मला माझ्या अनुभवात तेच दिसते: गेम किती तास चालला यापेक्षा तो कोठे आणि कसा संपला हेच स्मरणात राहते. शेवटापर्यंत पोहोचण्याची शक्यता छोट्या गेममध्ये अधिक असते, आणि त्याचे माझ्या लेखी मोल मोठे आहे.

सुरुवात कोणत्या गेमने करावी असे विचारणाऱ्या नवख्या वाचकांना मी पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला, २०२० साली आलेला राजी हा गेम सुचवतो. तो पाच-सहा तासांचा आहे, त्यातील महाल आणि देवतांच्या कथा आपल्या ओळखीच्या आहेत, आणि माझ्या मापाने सात-आठ बैठकांत तो पूर्ण होतो.

येथे एक विनंती करतो. स्टीम या संगणकावरील गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेल्या गेमचे पैसे परत मागता येतात. मोठा गेम आपल्या संगणकावर नीट चालतो का, हे तपासण्यासाठी ही सोय जरूर वापरावी. परंतु दीड तासाचा गेम शेवटपर्यंत खेळून पैसे परत मागणे योग्य नाही. समर ऑफ ५८ हा छोटा गेम बनवणाऱ्या एमिका गेम्सने २०२१ मध्ये याच कारणाने गेम बनवणे अनिश्चित काळासाठी थांबवत असल्याचे जाहीर केले होते.

मोठा गेम घेतलाच तर छाटणी करावी

दिंडोरी तालुक्यातील माझा एक मित्र द्राक्षबागायतदार आहे आणि मोठे गेम खेळावेत कसे, हे मी त्याच्याकडून शिकलो. वेलीवर आलेले सगळेच घड ठेवले तर एकाही घडाचे मणी नीट फुगत नाहीत, म्हणून विरळणी करावीच लागते. तो म्हणतो की गेममधील जोडकामांचेही तसेच आहे. २०१७ सालच्या झेल्डा मालिकेतील ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये कोरोक नावाच्या लहानग्या जीवांनी लपवलेल्या ९०० बिया आहेत, परंतु सामान ठेवण्याची जागा पूर्ण वाढवण्यास त्यांपैकी ४४१ पुरेशा होतात, आणि सर्वच्या सर्व गोळा करणाऱ्याला मिळणारे बक्षीस केवळ गमतीचे आहे. बनवणाऱ्यांनीच असा स्पष्ट संकेत दिलेला असताना उरलेल्या बियांच्या मागे महिना घालवू नये. ज्या जोडकामात नवे पात्र किंवा नवी जागा भेटते ते करावे. ज्यात दहा वस्तू गोळा करून आणायच्या असतात ते सोडून द्यावे.

मित्राचे वेळापत्रकही अनुकरणीय आहे. ऑक्टोबरमधील गोडी छाटणीपासून, म्हणजे फळांसाठीच्या छाटणीपासून, काढणी संपेपर्यंत तो मोठा गेम उघडतच नाही, कारण अवकाळी पाऊस आला की डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या भीतीने फवारणीची वेळ रात्री-अपरात्री येते. मोठा गेम तो आषाढात सुरू करतो आणि दसऱ्यापूर्वी संपवतो. तेरा आठवडे, आठवड्याला तासाभराच्या चार बैठका, म्हणजे बावन्न तास. विचरची मुख्य कथा त्याने अशाच एका पावसाळ्यात पूर्ण केली आणि तिचे दोन पुरवणी भाग पुढच्या वर्षासाठी ठेवले.

मोठा गेम चालू असताना एक लहान वही जवळ ठेवावी आणि उठण्यापूर्वी तीन ओळी लिहाव्यात: आपण कोठे आहोत, पुढे काय करायचे आहे, आणि नुकतेच शिकलेले बटण कोणते. विचर ३ जुना डाव उघडताना आतापर्यंतच्या कथेचा सारांश स्वतःच ऐकवतो, पण असे सौजन्य सर्वच गेम दाखवत नाहीत. बैठक संपवताना नव्या मोहिमेच्या मध्यावर उठू नये. मोहीम संपवून, पुढची कोणती ते पाहून, मग थांबावे. पावसाळ्यात आणखी एक खबरदारी घ्यावी. कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचे यंत्र, नुसता झोपेच्या अवस्थेत ठेवला आणि वीज गेली तर सेव्ह न केलेला भाग जाऊ शकतो, म्हणून आधी सेव्ह करावे. स्विच किंवा स्टीम डेकसारख्या बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रांना ही अडचण येत नाही. जागाही आधी तपासावी, कारण रेड डेड रिडेम्प्शन २ सारख्या गेमला संगणकावर १५० जीबी लागतात आणि मोबाइलच्या रोजच्या डेटावर तो डाउनलोड होत नाही.

बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) या ऑनलाइन लढाईच्या गेमसारखे गेम या हिशोबात बसत नाहीत, कारण त्यांतील एक सामना अर्ध्या तासात संपला तरी गेम कधीच संपत नाही. ते खेळायचे असतील तर किती सामने खेळणार ते बसण्यापूर्वी ठरवावे.

एक मोठा गेम संपल्यावर लगेच दुसरा मोठा गेम घेऊ नये. मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत आणि त्या काळात एका सुट्टीच्या दिवशी सलग खेळता येईल असा एखादाच छोटा गेम ठेवावा. यंदा दसऱ्यानंतर मी आणि पुतण्या एकत्र बसून पोर्टल खेळणार आहोत. त्याने तो अजून खेळलेला नाही, आणि त्यासाठी रविवारची सबंध दुपार मी आतापासूनच मोकळी ठेवली आहे.