फरसबी सुरकुतली तेव्हा जमली

चीनच्या सिचुआन प्रांतातली 'गान-बियान' फरसबी माझ्याकडे तीनदा गिळगिळीत झाली. चूक माझीच: धुतलेल्या ओल्या शेंगा, त्याही अर्धा किलो, एकदम कढईत. पाणी सुटलं आणि त्या वाफेवर शिजल्या. गान-बियान म्हणजे मुळात कोरडं परतणं!

आता शेंगा फडक्यावर कोरड्या करते आणि दोन घाण्यांत, थोड्या तेलात, सालीवर सुरकुत्या नि डाग पडेपर्यंत परतते. दहा मिनिटं तरी लागतात. घाई नको, कच्ची फरसबी पोटाला बाधते. मग शेंगा काढून त्याच तेलात मंद आचेवर सुक्या मिरच्या, सिचुआन मिरी, आलं-लसूण. मिरच्या आधीच टाकल्या तर जळून कडू होतात (तेही करून झालंय). सिचुआन मिरी आपल्या तिरफळाची चुलतबहीण, जीभ तशीच झिणझिणते. शेवटी शेंगा परत कढईत, वर सोया सॉस.