दिवसभराचा जिओकॅशिंग ट्रेक आखताना या चुका टाळा

जिओकॅशिंग म्हणजे कोणीतरी लपवलेला डबा अक्षांश-रेखांशावरून जीपीएसने शोधायचा आणि आतल्या वहीत नाव लिहायचं, असा खेळ. त्यात शहरातल्या बागेत बाकाखाली हात घालून डबा काढणं वेगळं, आणि डोंगराच्या धारेवर दिवसभरात सात-आठ ठिकाणं गाठून उजेडी खाली उतरणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात चालणं सहसा दगा देत नाही. दगा देतं ते थांबणं. चढाईचा वेळ सगळे मोजतात, शोधाशोधीचा कोणी मोजत नाही, आणि बऱ्याच चुकांचं मूळ तिथेच आहे. (खेळात डब्याला कॅश म्हणतात. पैशांशी घोटाळा नको म्हणून इथे सरळ डबाच म्हणू.)

वेळेचा हिशोब फक्त पायांचा करणे

डोंगरातल्या वेळेचा जुना ठोकताळा स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथचा, १८९२ सालचा: सपाटीला ताशी ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. राजगड–तोरणा धारेसारखी वाट डोळ्यांसमोर ठेवा आणि हिशोबापुरतं १६ किलोमीटर अंतर, १२०० मीटर एकूण चढ धरा. चालण्याचे ३ तास १२ मिनिटं, चढाचे २ तास, मिळून सव्वापाच तासांच्या आत. कागदावर छान दिसतं. पण हा ठोकताळा स्कॉटलंडच्या थंडीतला आहे. सह्याद्रीतलं ऊन, घसारा आणि कारवीतून गेलेल्या वाटा धरून त्यात पाव हिस्सा वाढवा, म्हणजे साडेसहा तास होतात.

आता डबे. साधा डबा डोंगरात सरासरी २० मिनिटं खातो: वाट सोडून आत जाणं, शोधणं, नोंद करणं, परत वाटेला लागणं. आठ डब्यांचे २ तास ४० मिनिटं. जेवण आणि विश्रांती मिळून एक तास. एकूण १० तास १० मिनिटं. सकाळी सातला पाय उचलला तर संध्याकाळी पाच-दहाला खाली. डिसेंबरात पुण्याच्या बाजूला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे हातात जेमतेम ५० मिनिटं उरतात. दोन डब्यांपाशी ‘अजून जरा बघू’ म्हणून अर्धा-अर्धा तास जादा गेला की उतार अंधारात.

आपल्याकडे डबे विरळ आहेत, एका धारेवर आठ मिळणं कठीण. पण पाच टप्प्यांचा एकच मल्टी (एका टप्प्यावरच्या खुणा मोजून, सूत्रात घालून पुढच्याचे आकडे काढायचे, शेवटी डबा) असला तरी हिशोब हाच. जर्मनीत किंवा अमेरिकेत राहणाऱ्यांना उलटा त्रास होतो. तिथे वाटेवर तीस-तीस डबे दिसतात आणि सगळे घ्यावेसे वाटतात. तिथे आधी यादी छाटायची: हवेच असे, वाटेत आले तर घेऊ असे, आणि वेळ गेला तर बघायचेही नाहीत असे. हे तीन गट घरीच पाडा. धारेवर दमलेल्या डोक्याने पाडले की सगळेच पहिल्या गटात जातात.

प्रत्येक डब्याला घड्याळ लावा. एकट्याला २० मिनिटं, तीन-चार जण असाल तर १५. वेळ संपली की डीएनएफ, म्हणजे सापडला नाही, अशी नोंद टाकून पुढे व्हायचं. ही नोंद करायला लोक लाजतात. मग पुढचा माणूस नसलेल्या डब्यासाठी सहाशे मीटर चढतो. निघण्यापूर्वी शेवटच्या पाच नोंदी वाचल्या तर हे बरंचसं टळतं. ओळीने तीन डीएनएफ असतील तर तो डबा यादीतून काढा. शेवटचा शोध दोन पावसाळ्यांपूर्वीचा असेल तर त्या डब्याच्या भरवशावर वाट आखू नका.

आकडे बरोबर, मांडणी चुकीची

या खेळात अक्षांश-रेखांश अंश आणि दशांश मिनिटांत देतात. सिंहगडाच्या जवळपासचा एक बिंदू घ्या: उत्तर १८° २१.९६०. नकाशाच्या ॲपमध्ये घाईने १८.२१९६० असं टाकलं तर बाण सोळा किलोमीटर दक्षिणेकडे वळतो. तो आकडा दशांश अंशांत १८.३६६०० होतो, कारण २१.९६० ला ६० ने भागायचं असतं. इतकी मोठी चूक निदान लगेच दिसते. खरी फसवी चूक सेकंदांची. २१.४५० हे ‘२१ मिनिटं ४५ सेकंद’ असं वाचलं जातं, खरं असतं २१ मिनिटं २७ सेकंद. फरक साडेपाचशे मीटरचा. बिंदू त्याच डोंगरावर पडतो, म्हणून संशय येत नाही आणि तास जातो.

मिनिटाच्या दशांशातल्या शेवटच्या अंकाची किंमत १.८५ मीटर, मधल्याची साडेअठरा, पहिल्याची १८५. मल्टीमध्ये गणित चुकलं असं वाटलं तर हे उपयोगी पडतं: शेवटचा अंक चुकला असेल तर तिथेच शोधा, पहिला चुकला असेल तर एक पाऊलही पुढे टाकू नका, बसून गणित पुन्हा करा. सूत्रात (अ+ब) एका अंकाच्या जागी असेल आणि बेरीज १२ आली तर दोनच शक्यता: एखादी संख्या चुकीची मोजली, किंवा हातचा पुढे न्यायचा आहे. वर्णनात तसं लिहिलेलं नसेल तर पहिलीच धरा आणि पाटीवरची अक्षरं किंवा पायऱ्या परत मोजा.

आणखी एक चाचणी फारसे लोक वापरत नाहीत. दोन वेगवेगळ्या डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर असावं लागतं. तुमचं उत्तर दुसऱ्या साध्या डब्यापासून ९० मीटरवर पडत असेल, तर उत्तर जवळपास नक्की चुकलंय.

‘इथून ५०० मीटर, ७० अंशांत’ असा टप्पा असेल तर अंश खऱ्या उत्तरेपासूनचे की होकायंत्राच्या, हे बघा. महाराष्ट्रात दोन्हींत नगण्य फरक आहे, सोडून दिला तरी चालतो. ऑरेगनमध्ये पोर्टलंडच्या बाजूला तो सुमारे १५ अंश आहे. ५०० मीटरवर १५ अंश म्हणजे १३० मीटरची चूक.

नकाशावर जवळ, डोंगरावर लांब

अक्षांश-रेखांशात उंची नसते. ही गोष्ट लक्षात न आल्याने सह्याद्रीत सर्वांत जास्त वेळ जातो. कातळकड्याच्या माथ्यावरचा बिंदू आणि पायथ्याचा बिंदू यांत आडवं अंतर पाच मीटर, उभं साठ. फोन म्हणतो ‘४ मीटर’, आणि तुम्ही कड्याच्या चुकीच्या टोकाला उभे. घरी बसूनच नकाशावरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, बघा. १:५०,००० च्या टोपोशीटवर त्या २० मीटरच्या अंतराने असतात. रेषा एकमेकींना चिकटल्या असतील तिथे डबा माथ्यावर की तळाला, हे वर्णनातून, हिंटमधून किंवा जुन्या नोंदींतून ठरवूनच निघा.

बाणामागे सरळ रेषेत जाणं ही त्याचीच धाकटी बहीण. बाणाला नाळ, घळ, कडा काही कळत नाही. डब्याच्या जवळून जाणारी वाट आधी शोधा, वाट सोडायची जागा वेगळा बिंदू म्हणून टाका, आणि त्या बिंदूपर्यंत डब्याचा बाण बघूच नका. वाट सोडल्यावर ढोरवाटा फार फसवतात: ठळक असतात, शंभर पावलं छान जातात आणि झुडपात विरतात. ५० मीटर जाऊनही अंतर कमी होत नसेल तर मागे फिरा.

जीपीएसच्या सिग्नलमधली मुद्दाम ठेवलेली चूक अमेरिकेने मे २००० च्या सुरुवातीला काढली, आणि ३ मे ला ऑरेगनमध्ये डेव्ह उल्मर यांनी पहिला डबा ठेवला. खेळ सुरू झाला तो त्या अचूकतेमुळे. तरी मोकळ्या आकाशाखाली फोन आजही पाचेक मीटर चुकतो, आणि कड्याच्या किंवा तटाच्या कुशीत सिग्नल भिंतीवर आपटून येतो तेव्हा वीस-तीसही. ठेवणाऱ्याचा फोनही तसाच चुकलेला असतो. म्हणून दहा मीटरच्या आत आलात की फोन खिशात टाका. बाण नाचतच असेल तर ३० मीटर मागे जा, दुसऱ्या बाजूने या, आणि दोन्ही रेषा जिथे छेदतात तिथून शोध सुरू करा.

तारे आणि कोडी

प्रत्येक डब्याला टेरेन (वाटेची अवघडता) आणि डिफिकल्टी अशा दोन गोष्टींचे पाचपर्यंत तारे असतात. टेरेनचे पाच तारे म्हणजे ‘खूप दमवणारी वाट’ नव्हे. पाच म्हणजे खास साधन लागतं: दोर, होडी, कधी पाणबुड्याचा पोशाख. हार्नेस आणि दोर वापरता येणारा माणूस सोबत नसेल तर तो डबा यादीत घेऊच नये. डिफिकल्टी शोधण्याची किंवा कोड्याची असते, चढाची नाही.

मिस्टरी, म्हणजे कोडं सोडवून जागा काढायच्या प्रकारात नकाशावरचा बिंदू खोटा असतो, खरा डबा तिथून साधारण तीन किलोमीटरच्या आत. कोडं घरी सोडवा, डब्याच्या पानावर उत्तर तपासायची सोय असेल तर तपासा, दुरुस्त बिंदू खेळाच्या साइटवर भरा, आणि मगच ऑफलाइन यादी उतरवा. क्रम उलटा झाला की फोनमध्ये खोटाच बिंदू राहतो, आणि हे कळतं ते रेंज गेल्यावर.

फोनच्या भरवशावर

आदल्या रात्री फोन विमान मोडवर टाका आणि प्रत्येक डबा उघडून बघा: वर्णन, हिंट, शेवटच्या नोंदी, नकाशा पूर्ण झूमपर्यंत. डब्यांची माहिती उतरवायच्या जीपीएक्स फाइलमध्ये फोटो येत नाहीत, म्हणून जागेचे फोटो वेगळे साठवा. डोंगरातही विमान मोड चालू ठेवा. जीपीएस चालतंच, आणि नसलेली रेंज शोधण्यात बॅटरी जळत नाही. १०,००० एमएएचची पॉवरबँक दिवसाला पुरते, पण केबल दोन घ्या. पॉवरबँक भरलेली आणि केबल तुटलेली, हे वरचेवर होतं.

परदेशातून सुट्टीला येणाऱ्यांनी उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र आणू नये. सॅटेलाइट फोन आणि तसली यंत्रं भारतात परवानगीशिवाय बाळगणं बेकायदेशीर आहे, आणि विमानतळावर लोक अडकले आहेत. साध्या जीपीएस यंत्राचं तसं नाही. आपल्याकडे गावात कोणाला तरी सांगून निघणं जास्त कामाचं, आणि रेंज असेल तिथून १०८ किंवा ११२.

आधी हात, मग नजर

दगडांच्या बेचक्या ही डबा ठेवायची आवडती जागा, आणि फुरशाचीही. आधी टॉर्च मारा, मग काठीने चाचपा, हात शेवटी. कड्याच्या कपारीत आग्यामोहोळ दिसलं तर डबा सोडून द्या. तिथे धूर, अत्तर, आरडाओरडा काही नको.

गडावर तटाचा किंवा बुरुजाचा चिरा हलवायचा नाही. दगड उपसावा लागतोय असं वाटलं तर डबा तिथे नाही, कारण खणून किंवा बांधकाम बिघडवून डबा ठेवणं खेळाच्या नियमांतच बसत नाही. शिवाय राजगड २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. आणि गावकऱ्यांच्या नजरेतून बघा: चार जण फोन हातात धरून तटाच्या भेगा तपासतायत. त्यांना पहिली शंका गुप्तधनाची येते, आणि ती गैर नाही. लपवाछपवी करू नका. ‘काका, खेळ आहे, डब्यात फक्त नावं लिहायची वही असते’ असं सांगून फोनवर दाखवलं की प्रश्न मिटतो. पहार, खुरपं असलं काही पिशवीत नको.

डबा सापडतो, नोंद होत नाही

पावसाळ्यानंतर निम्म्या वह्या ओल्या असतात. ओल्या कागदावर बॉलपेन चालत नाही, शिसपेन्सिल चालते. सोबत दोन झिपलॉक पिशव्या, कोऱ्या कागदाच्या आठ-दहा पट्ट्या आणि एक चिमटा. नखाएवढ्या डब्यातली गुंडाळी चिमट्याशिवाय निघत नाही, आणि जोर केला तर फाटते. पट्टी लगदा झाली असेल तर नवी ठेवा, जुनीचा फोटो घ्या, मालकाला कळवा. डबाच सापडत नसेल तर स्वतःचा नवा ठेवून ‘सापडला’ लिहू नका. जुना तिथेच निघाला की एका जागी दोन डबे होतात.

‘एकच राहिलाय’

पाणी हिवाळ्यात माणशी तीन लिटर, मार्चनंतर पाच. धारेवरची टाकी भरलेली असेलच असं धरू नका. हे सगळे करतात. परतीची वेळ मात्र कोणी लिहून ठेवत नाही. खालून उलटा हिशोब करा: शेवटची एसटी किंवा ठरवलेली गाडी साडेसहाला, उतार दोन तासांचा, वर अर्धा तास राखीव, म्हणजे माथा चारला सोडायचा. चार वाजता डबा समोरच्या सोंडेवर तीनशे मीटर दाखवत असला तरी खाली वळायचं. ही वेळ ठरवणारा आणि डबे शोधणारा माणूस एकच असू नये. ज्याला डब्यात सर्वांत कमी रस आहे त्याच्या मनगटावर घड्याळ द्या. हेडलॅम्प मात्र प्रत्येकाकडे हवा, आणि त्यातले सेल आदल्या रात्री तपासलेले.