गंभीर श्वसनसंसर्गात रक्ताचे मार्कर वाचताना या चुका टाळा

कोविड किंवा फ्लूचा रुग्ण खालावला की सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारे प्रथिन), डी-डायमर (रक्ताची गुठळी विरघळताना उरणारा तुकडा), फेरिटिन (लोह साठवणारे प्रथिन), एलडीएच (पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम) अशा मार्करच्या, म्हणजे आजाराची खूण देणाऱ्या तपासण्यांच्या, रिपोर्टांची रांग लागते. "वाढलं की कमी झालं?" हा प्रश्न लगेच येतो. त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: आकडा कोणत्या एककात आहे?

सीआरपी एक लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देते, दुसरी प्रति डेसिलिटरमध्ये. म्हणजे पहिल्या लॅबचे 120 आणि दुसरीचे 12 ही एकच पातळी! डी-डायमर याहून फसवा. तो एफईयू आणि डीडीयू अशा दोन एककांत मोजतात, आणि एफईयूचा आकडा डीडीयूच्या जवळपास दुप्पट येतो. लॅब बदलली असेल तर आधी एकक जुळवा, मगच चढउतार बघा. वय, गरोदरपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांनीही डी-डायमर वाढतो, त्यामुळे एकट्या त्याच्यावरून रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा डोस वाढवणे धोक्याचे आहे.

माझ्या मते सर्वांत घातक गैरसमज औषधांमुळे होतो. यकृत सीआरपी बनवते ते मुख्यतः इंटरल्युकिन-6 या दाहाचा संदेश देणाऱ्या प्रथिनाच्या इशाऱ्यावर. गंभीर कोविडमध्ये दिले जाणारे टॉसिलिझुमॅब हे औषध तोच इशारा अडवते. मग जिवाणूसंसर्ग आत वाढत असला तरी सीआरपी खालीच राहू शकतो आणि सगळ्यांना हायसे वाटते. उलट रक्तातले इंटरल्युकिन-6 या औषधानंतर वाढते. ते पाहून घाबरू नये. स्टेरॉइडने पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात, म्हणून त्यांचे गुणोत्तर बिघडलेले दिसते. रिपोर्टशेजारी औषध सुरू केल्याची तारीख आणि वेळ लिहून ठेवा.

एलडीएच अचानक उसळला तर नमुन्यातल्या लाल पेशी फुटल्या होत्या का, हे लॅबला विचारा. फेरिटिन यकृताच्या आजारातही चढते, प्रोकॅल्सिटोनिन (जिवाणूसंसर्ग ओळखायला वापरला जाणारा मार्कर) मूत्रपिंड निकामी असताना. सीआरपीचे अर्धायुष्य, म्हणजे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला लागणारा वेळ, सुमारे 19 तासांचे आहे, तेव्हा दिवसातून दोनदा तपासून फारसे काही कळत नाही.

आणि कृपा करून मार्करला एकट्याने भविष्य सांगायला लावू नका. कोविडमधल्या मृत्यूचा धोका मोजणाऱ्या 4सी स्कोअरमध्ये आठ घटक आहेत. त्यांतले रक्ताचे फक्त दोन: युरिया आणि सीआरपी. उरलेले म्हणजे वय, लिंग, जुने आजार, श्वासाची गती, ऑक्सिजनची पातळी आणि रुग्ण किती शुद्धीवर आहे ते. ऑक्सिजन 88 टक्के असलेल्या, धाप लागलेल्या रुग्णाचा सीआरपी कमी आला म्हणून कुणी निर्धास्त होत असेल, तर त्याला थांबवा. रिपोर्टची वाट न पाहता आधी ऑक्सिजन सुरू करायला सांगा.